पिवळी पावलं

खिडकी लावून घ्या रे. आणि मधेमधे खिदळायचं नाही. ज्याची गोष्ट आहे तो माझा ड्राफ्ट्समन दोस्त अजून हयात आहे. खोटं वाटलं तर विचारा त्याला.

त्याला जुन्या इमारतींचं भारी वेड. सोबत कोणी नसलं तरी माणसाला हिंडून बघता यावं म्हणून त्याने गावात एक फेरी आखली. हातात पत्रक घ्यायचं, आणि इमारत जिथून सगळ्यात छान दिसते तिथे जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पावलांवर उभं राहायचं. टपाल कचेरी, बंद गिरणी, शेवटी घड्याळाचा मनोरा. तो पूर्ण दिसायला पार कालव्याच्या काठापर्यंत मागे जावं लागे, आणि तिथला कठडा पडलेला. गवंडी म्हणाला होता, "साहेब, कठडा बसवतो, मग रंगवा." पण उद्घाटन तोंडावर आलेलं. "होईल हो नंतर," म्हणत याने तिथे पावलं रंगवून टाकली.

पहिली फेरी त्याच्या ताईने केली. भावाचं कोण कौतुक! एकटीच गेली. वर बघता बघता एक पाऊल मागे सरली असेल... संध्याकाळी कालव्यात सापडली.

भावोजी याच्याच गळ्यात पडून रडले. "पाय घसरला रे तिचा." कठड्याचं याने सांगितलं नाही. गवंड्यानेही नाही.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्री साडेअकराला तारेचा ब्रश घेऊन तो ती पावलं खरवडायला गेला. वारा नाही. कुत्रंसुद्धा नाही. खर्र... खर्र... रंग निघाला. तो उठला.

मागून आवाज आला. मागे तर नुसता कालवा.

"अजून पूर्ण दिसत नाही रे..."

त्याला वळवेना.

"ताई... पुढे ये."

...

"ताई?"

"सरकू का... अजून मागे?"

ब्रश टाकून तो पळत सुटला, तो थेट भावोजींच्या दारात. कडी वाजवली. भावोजींनी दिवा लावला, दार उघडलं आणि खाली बघतच राहिले. उंबऱ्यासमोर दोन पिवळी पावलं. लहान, ताईच्या मापाची. बोटं दाराकडे.

"ही तू काढलीस?"

तेव्हा याने सगळं सांगितलं. कठड्याचं, गवंड्याचं, सगळं. भावोजी आत गेले. दार मात्र उघडंच ठेवलं.

झाली याला दोन वर्षं. ती पावलं भावोजी कोणाला पुसू देत नाहीत. परवा मी गेलो होतो. कोणी बघत नाहीसं पाहून बोट टेकवलं...

रंग ओला होता.