वासराचा वाटा

"दूध कुठं जातं ते गाईला विचारून कळायचं नाही, अक्का. माणसालाच विचारावं लागेल."

राजलक्ष्मी एवढंच बोलली आणि दुधाची चरवी विशालाक्षीच्या पुढ्यात ठेवून उभी राहिली. गळ्यापर्यंत भरणारी चरवी आज पुन्हा अर्धीच भरली होती. पलीकडे तिन्नैवर, घरापुढच्या ओट्यावर, राजलक्ष्मीचा नवरा रघोजी बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, पण मान वर केली नाही... आणि त्या खाली घातलेल्या मानेनं विशालाक्षीच्या काळजाला जो घाव घातला, तो जावेच्या शब्दांनीही घातला नव्हता.

रघोजी तिचा दीर. ती लग्न होऊन राजवाड्यामागच्या या गल्लीत आली तेव्हा तो रांगत होता आणि त्याची आई नुकतीच गेली होती. त्याला भात कालवून भरवला तो विशालाक्षीनं, देवी आल्या तेव्हा कडुनिंबाचा पाला घेऊन उशाशी बसली तीही विशालाक्षीच. पुढं नवरा तापानं गेला, कूस रितीच राहिली, पण तिनं कधी दैवाला बोल लावला नाही. रघोजी होता ना! त्याच्यातच तिचं सारं वात्सल्य सामावलं होतं.

रघोजीच्या आजोबांच्या काळात राज्य खालसा झालं, पाठोपाठ मानपान गेले, आणि सरदारांच्या या घराला आता गाईंचा आधार उरला होता. स्टेशनजवळ नवा कॉफी क्लब निघाला होता, तिथं रघोजी सकाळ-संध्याकाळ दूध घालायचा. घरात तान्हा तुकोजी होता. राजलक्ष्मीच्या अंगावर दूध नव्हतं, म्हणून तोही गाईच्याच दुधावर वाढत होता. दुसरी गाय गाभण राहून आटलेली, तेव्हा सगळा भार एकट्या तांबूवर. क्लबाचा वाटा, बाळाचा वाटा... आणि ज्याच्यासाठी त्या मुक्या जिवाला पान्हा फुटत होता त्या वासराचा वाटा मात्र कुणी धरलाच नव्हता.

तो खोंड होता, त्याचा उपयोग कुणाला? गवळी सुब्रमण्यम त्याला पान्हा फुटेपुरता कासेला लावायचा, आणि तोंडात धार येते न येते तोच ओढून खांबाला बांधायचा. मग गाय मान वळवून त्याच्याकडे बघत राहायची आणि ते पोर दाव्याला हिसके देत राहायचं. विशालाक्षीला ते पाहवेना. पहाटे गोठा झाडायला जाई तेव्हा, गवळी येण्यापूर्वी, ती त्याला घटकाभर मोकळं सोडू लागली. कमी पडणारं दूध ते हेच.

एक शब्द बोलली असती तर तिच्यावरचा आळ गेला असता. पण मागं एकदा रघोजीच म्हणाला होता, की खोंडापायी दूध घटायला लागलं तर त्याला पापनाशमच्या गुरांच्या बाजारात नेऊन सोडीन. एवढंसं, हाडकुळं वासरू तिथं कोण घेतं आणि कशाला घेतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ती गप्प राहिली.

त्या दिवशी अखेर रघोजी आत आला. त्याचा आवाज खाली गेला होता.

"वैनी, दूध तुम्ही घेता का?"

आयुष्यात कधी मूठभर भातालाही न विचारता हात न लावलेली ती बाई! इतक्यात गोठ्यातून त्या वासराचं बारीक ओरडणं ऐकू आलं.

"घेतलं असेल," ती म्हणाली.

संध्याकाळी राजलक्ष्मीकडून निरोप आला, की उद्यापासून गोठ्यात सुब्रमण्यमची बायको येईल, अक्कांनी स्वयंपाकघरच बघावं.

दुसऱ्या दिवसापासून चरवी भरू लागली. राजलक्ष्मी जाता-येता ती मुद्दाम विशालाक्षीच्या समोरून नेई. तिच्या डोळ्यांत दुष्टावा नव्हता. आपलं पोर उपाशी राहत होतं ते या बाईमुळं, अशी तिची मनोमन खात्री झाली होती. विशालाक्षी चुलीपुढं बसून राहायची. भिंतीपलीकडचा आवाज मात्र दिवसेंदिवस क्षीण होत चालला होता... आपल्या वाटची कंजी, भाताची पेज, तिनं वाटीत घेऊन खिडकीतून पुढं केली, पण त्याला ती पचेना. शेवटी तिनं लाज गिळली आणि रघोजीला विनवलं, की अरे, त्याला थोडं पिऊ दे. रघोजी चिडला नाही. क्लबवाला दुसरा गवळी बघतोय, जरा दिवस जाऊ दे, मग सोडू, असं तो म्हणाला. मनातून त्यालाही तसंच करायचं होतं.

एका दुपारी वासरू गेलं. दाव्यातच मान टाकून गेलं.

त्या संध्याकाळी तांबूनं दूध दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुब्रमण्यम कासेला हात लावी तशी ती अंग आखडून घेई, आणि हंबरडा असा फोडी, की समोरच्या घरातली माणसं दारात येऊन उभी राहत. बाळ भुकेनं रडून रडून निळं पडू लागलं. सुब्रमण्यमनं उपाय सांगितला. वासराचं कातडं काढवून घ्यायचं, त्यात पेंढा भरून शिवायचं आणि गाईपुढं उभं करायचं. मात्र ते धरायला तिच्या विश्वासाचं माणूस हवं. माझ्या बायकोला ती जवळ येऊ देत नाही, तो म्हणाला.

रघोजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. आता त्याला सगळं उमगलं होतं. चरवी ज्या दिवसापासून भरू लागली, त्याच दिवसापासून वासरू खंगू लागलं होतं. एवढं कळायला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"वैनी, तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस रे, राजा?"

तेवढ्यात आतून तुकोजीचं रडणं ऐकू आलं, आणि ज्या तोंडानं क्षमा मागायची त्याच तोंडानं त्यानं तिच्याकडं ते भयंकर काम मागितलं.

विशालाक्षी उठली. गेली. दुसरं काय करणार होती ती! आत रडणारा तो निष्पाप जीव तिच्याच कुळातला होता... तिनं ते पेंढ्याचं वासरू दोन्ही हातांनी धरलं. तांबूनं हुंगलं, विशालाक्षीच्या तोंडाकडं पाहिलं, आणि चाटू लागली. चरवीत धारा वाजू लागल्या. विशालाक्षीचे अश्रू त्या कातड्यावर पडत होते, आणि गाय तेही चाटून घेत होती.

असे काही दिवस गेले. गाय इतकं चाटी, की पोटाजवळची शिवण उसवली. एका सकाळी धार काढताना रघोजी तिथंच उभा होता. फटीतून पेंढ्याची काडी बाहेर आली होती. तांबूनं ती हुंगली, ओढली आणि खाल्ली. मग आणखी एक. आपल्या लेकराच्या पोटातला पेंढा ती खात होती आणि मधूनमधून त्याचं कपाळ चाटत होती.

"थांबव," रघोजी ओरडला. सुब्रमण्यमचा हात थांबला. रघोजीनं ते कातडं विशालाक्षीच्या हातून घेतलं आणि छातीशी धरून तो मटकन खाली बसला. इतक्या मोठ्या पुरुषाला तसं रडताना त्या घरानं कधी पाहिलं नव्हतं.

वडवार नदीच्या काठी त्यानं स्वतः खड्डा खणून ते पुरलं. तांबूचं दूध आटलं, कॉफी क्लबानं दुसरा गवळी धरला. शेजारच्या अंबाबाई बाळासाठी रोज वाटीभर दूध पाठवू लागल्या, त्यात पाणी घालून, नाचणीची पेज मिसळून पोर कसंबसं तगलं. राजलक्ष्मीनं विशालाक्षीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मी तुम्हाला चोर ठरवलं, अक्का."

"तुला तुझ्या पोराची भूक दिसत होती, बाई. ऊठ," विशालाक्षी म्हणाली आणि तिनं तुकोजीला मांडीवर घेतलं. मनात राग शोधूनही सापडत नव्हता. सारं रितं झालं होतं.

पुढं दुसरी गाय व्यायला झाली. रघोजी गोठ्यात आला आणि विशालाक्षीपुढं हात जोडून म्हणाला, "हिचं वासरू तुमच्या ओटीत, वैनी. आधी ते पोटभर पिईल. मग उरलं तर आपलं."

तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसाच.

"मला कशाला सांगतोस?" ती तांबूकडं बघत हळूच म्हणाली. "तिला सांग."

रघोजी तांबूजवळ गेला. तिनं त्याचा हात हुंगला, आणि मग त्याच्या खांद्यावरून पलीकडं, तिच्या वासराचं कातडं जिथून बाहेर नेलं होतं त्या दाराकडं बघत हंबरत राहिली.