गालाची जागा

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण हे आमच्याच घरात घडलंय, बाळकुमला, गेल्या मार्चमध्ये. तेही भर दुपारी. भुतांना रात्र लागते, असं तोवर मलाही वाटायचं.

माझी पुतणी जागृती रायफल नेमबाज. राज्य संघाची निवड चाचणी जवळ आलेली, आणि ज्युनिअर गटात तिचं हे शेवटचं वर्ष. तिला मापाचा दस्ता हवा होता. दस्ता म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकतो तो लाकडी भाग. तो ज्याचा त्यालाच बसतो.

माझा धाकटा भाऊ प्रफुल्ल, म्हणजे तिचा बाप, गोपीनाथ नावाच्या मयत नेमबाजाचा दस्ता घेऊन आला.

"अस्सल अक्रोड आहे दादा! थोडा घासला की झालं."

मेलेल्या माणसाचा शर्ट आम्ही घालत नाही. ज्यावर त्याने वर्षानुवर्षं गाल घासला, ते लाकूड मात्र चालतं.

गोपीनाथांना तोंडाचा कॅन्सर होता. उजवा जबडा काढल्यावर गालात खड्डा पडला. तो भरून निघेल असा उंचवटा त्यांनी दस्त्यावर करून घेतला होता. त्यांची बायको बायजाबाई एवढंच म्हणाली,

"न्या. परत आणू नका."

माजिवड्याच्या महिपत सुताराने घरी येऊन कानशीने उंचवटा सपाट केला. मग जागृतीने डोळे मिटून रायफल खांद्याला लावली आणि गाल टेकवला. माप जमलं असेल, तर डोळे उघडताच नजर सरळ नेमावर जाते.

"बसलं का गं?"

"काका... हे ओलंय."

महिपतने बोट फिरवलं. बोट उचललं तर...

तार आली. लाळेची असते तशी.

वास सुपारीचा, पुवाचा. वरून लवंग.

"पॉलिश असेल," प्रफुल्ल म्हणाला.

"पॉलिश अजून मारलंच नाय, साहेब."

दुसऱ्या दिवशी उंचवटा परत जागेवर होता.

महिपतने पुन्हा कानस लावली. या वेळी भुसा उडाला नाही. गुलाबीसर गोळे पडले... चघळून थुंकल्यासारखे. त्याने बाहेर जाऊन ओकारी काढली, हात धुतले आणि हत्यारं भरली.

"दुसरा माणूस बघा."

दुसरा शोधायला वेळ नव्हता.

"राहू दे काका, मी सवय करते," जागृती म्हणाली.

रोज दुपारी ती हॉलमध्ये एकटी सराव करायची. दाराबाहेर आवाज यायचा...

कोणीतरी चूळ घोळवत असल्यासारखा.

मी दार उघडलं की बंद.

मग एक दिवस ती ओरडली, "बसलं! काका, एकदम बसलं!"

निवड झाली. प्रफुल्लने सोसायटीभर पेढे वाटले. जागृतीने पेढा तोंडात टाकला आणि तो उजव्या कोपऱ्यातून बाहेर घरंगळला. हनुवटीवरून, ड्रेसवर.

तेव्हा मी तिला समोरून नीट पाहिलं.

उंचवटा होता तेवढाच होता. तिचा गाल आत गेला होता.

डॉक्टर म्हणतात, दात जागेवर, हाड जागेवर, पोरीला टेन्शन आहे. प्रफुल्ल म्हणतो, डाएट. दस्ता टाकू या म्हटलं, तर जागृतीच तो छातीशी धरून बसते. नॅशनल्स आहेत ना.

काल मला म्हणाली, "काका, हात लावून बघ ना. खरंच खड्डा पडलाय?"

सख्खी पुतणी. लहानपणी याच गालाचे मी पापे घेतलेत.

मी चष्मा पुसत बसलो.

ती हसली. ओठाच्या कोपऱ्यातून तार लोंबली...

आणि लवंगेचा वास आला.