एक वाक्य जास्तीचं

मी खोलीत शिरले तेव्हा टेबलावर दात मांडलेले होते. वरचे आणि खालचे, गुलाबी हिरड्यांसकट. एका बाजूला अधिकारी बसला होता, दुसऱ्या बाजूला तो... ओल्या कोटात, केस कपाळाला चिकटलेले. सकाळपासून भुरभुर थांबली नव्हती आणि त्या खोलीत दुपारीही दिवा लावावा लागत होता.

सरहद्दीच्या नाक्यावर मी दुभाषी होते. आपली भाषा बोलणारा कुणी प्रवासी चौकशीत अडकला की मला फोन यायचा. नियम एकच – बोललेलं तेवढंच पोचवायचं. सल्ला नाही, दिलासा नाही, पदरचा शब्द नाही.

"विचारा त्याला, ही काय भानगड आहे," अधिकारी म्हणाला.

मी विचारलं. आपली भाषा कानावर पडताच त्याचे खांदे असे सैल झाले, की मलाच कसंतरी झालं.

"कवळी आहे हो, माझ्या मावशीची. मी कवळ्या बनवतो. ती तुमच्या इथल्या दवाखान्यात आहे, फार दिवस नाहीत म्हणतात. आणि ती हट्टाला पेटलीय, बोळक्या तोंडाने मी कुणाला भेटणार नाही, देवालासुद्धा!"

हसू दाबत मी ते अधिकाऱ्याला सांगितलं. तो हसला नाही. त्याने कानस आणि चिमटा पुढे सरकवला.

"आणि ही हत्यारं?"

"बसवताना थोडी घासावी लागते. नाहीतर टोचते."

"म्हणजे हा इथे काम करायला आलाय," अधिकारी म्हणाला आणि मान खाली घालून लिहायला लागला.

तेवढ्यात तो हळूच मला म्हणाला, "तुमचा पुढचा एक दात किंचित वाकडा आहे."

"तुम्ही बोलाल ते सगळं मला यांना सांगावं लागतं."

"मग हेही सांगा... तो सरळ करून घेऊ नका. फार गोड दिसतो."

माझे कान तापले.

"काय म्हणतोय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"दातांबद्दलच बोलतोय," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

पण थट्टा करतानाही त्याची नजर अधिकाऱ्याच्या पेनावरून हलत नव्हती.

मग त्याला मोबाइल उघडून द्यायला सांगितलं. "नाही म्हणता येतं का मला?" त्याने विचारलं. मी प्रश्न पोचवला. उत्तर आलं, "नाही म्हणणारे इथेच बसून राहतात." त्याने निमूटपणे मोबाइल उघडला. दवाखान्याच्या खाटेवरची त्याची मावशी अधिकाऱ्याच्या अंगठ्याखालून भराभर सरकत गेली. तो भिंतीकडे बघत बसला.

शेवटी एक कागद पुढे आला. "सांगा त्याला, साधा फॉर्म आहे. सही केली की सुटला."

तो फॉर्म मला पाठ होता. मी स्वतःहून परत जातो, असं त्यात लिहिलेलं असायचं – आणि खाली बारीक अक्षरात, पाच वर्षं प्रवेश नाही. गेल्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या एका बाईने माझ्यासमोर त्यावर सही केली होती. वर मला आशीर्वाद दिला होता. त्यानंतर कित्येक दिवस मला अन्न गोड लागलं नव्हतं.

"साधा फॉर्म आहे, सही केली की सुटलात, असं म्हणतायत," मी सांगितलं.

त्याने पेन उचललं. माझ्याकडे बघितलं. "तुम्ही असता तर केली असती सही?"

पेन कागदाला टेकलं...

"नसती केली," मी म्हणाले. "पाच वर्षं येता येणार नाही. आधी वाचून दाखवा, मोठ्या साहेबांना भेटायचंय, असं म्हणा. तो तुमचा हक्क आहे."

अधिकाऱ्याने सावकाश मान वर केली. "माझं वाक्य एवढं लांब नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणाले.

मोठे साहेब दोन तासांनी आले. निकाल असा – आज प्रवेश नाही, संध्याकाळच्या बसने परत. पण बंदी नाही, पुन्हा अर्ज करता येईल. कवळी मात्र तपासून मला नेऊ दिली. बसपाशी त्याने दवाखान्याचा पत्ता आणि स्वतःचा नंबर लिहून दिला.

"तुमची नोकरी जाईल ना माझ्यापायी?"

"आता असली नोकरी गेलेलीच बरी. चढा तुम्ही."

तो चढला. काचेवर इतकी वाफ धरली होती, की त्याने हात हलवला की नाही, तेही कळलं नाही.

नाक्यावरून मला पुन्हा फोन आला नाही. मी रोज मावशींकडे जायला लागले. कवळी टोचायची, तरी त्या काढायच्या नाहीत. "लहानपणी फार रडका होता गं तो," सांगायच्या आणि भाच्याच्या कारागिरीने भरलेलं तोंड उघडून हसायच्या. अठराव्या दिवशी दुपारी त्या गेल्या. त्याचा अर्ज तेव्हा कुठल्यातरी टेबलावर पडून होता. ही बातमी मीच त्याला फोनवर सांगितली. त्याने फोन ठेवला नाही. मीही फोन ठेवला नाही.

त्यानंतर आम्ही रोज बोलायला लागलो. कशाबद्दलही... जेवलात का, पाऊस आहे का तिकडे.

महिन्याभराने एकदा तो म्हणाला, "अर्ज परत आलाय. मावशी राहिली नाही, तेव्हा येण्याचं नवीन कारण लिहा म्हणतात. काय लिहू?"

खिडकीबाहेर सगळं करडं झालं होतं. मी म्हणाले, "माझं नाव लिहा."

"पुढे नात्याचा रकाना आहे..."

"मग?"

"कोण म्हणून लिहू तुम्हाला?"

"होणारी बायको," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तुमची हरकत नसेल तर..."

"आणि नामंजूर झाला तर?"

"तर पुन्हा कर. मी आहे इथेच." आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी त्याला अरेतुरे केलं होतं.

"लिहितोय," तो म्हणाला. "तू फोन ठेवू नकोस."