भुजंगरावाचं मळणीयंत्र

सरका जरा शेकोटीकडं. वैजीनाथ म्हणजे माझ्या साडूचा पोरगा. ज्या रातीचं सांगतोय ती त्यानं आपल्या डोळ्यांनी बघितली.

मागच्या सालची कोजागिरी. सेलूकडच्या एका शिवारात भुजंगरावाचं मळणीयंत्र सोयाबीन काढत होतं. डिझेल सरत आलं म्हणून त्याच्याकडं मजुरीला असलेला वैजीनाथ कॅन घेऊन मोटारसायकलवर देवगाव फाट्याला गेला. टिपूर चांदणं, रस्ता मोकळा. मनाला घोर एकच, मागं यंत्राच्या तोंडाशी त्याची बायको राणी पेंढ्या लोटत होती.

यंत्र ट्रॅक्टरवर फिरायचं, आणि भुजंगरावाच्या ट्रॅक्टरची बॅटरी मेलेली. एकदा बंद पडला की सगळ्यांनी मिळून धक्का मारल्याबिगर चालू व्हायचा नाही, म्हणून काम संपेस्तोवर तो बंदच करायचा नाही. पेंढी अडकली तर फिरत्या ड्रमातच हात घालून ओढायची. आदल्या सुगीत गोपाळ नावाच्या मजुराचा उजवा हात असाच गेला, खांद्यातून उपटून. तो तिथंच भुश्यात तडफडून मेला. भुजंगरावानं यंत्र धुतलं, नारळ फोडला, कुंकू लावलं. बॅटरी काही घेतली नाही. वैजीनाथनं लय विनवलं, तर म्हणाला, "तुला भ्या वाटत आसंल तर बायकूला घरी ठिव."

डिझेल घेऊन परतताना बांधावरच त्याला कळलं. यंत्राचा आवाज बदलला होता. पेंढी अडकलेली. आणि राणीचा हात कोपरापर्यंत आत.

कॅन टाकून तो पळाला. ड्रमानं तिची बाही धरली होती. राणी ओरडत नव्हती... नुसती डोळे फाडून आत ओढली जात होती. बांगड्या फुटल्या. रक्त उडालं. ट्रॅक्टर अजून लांब.

तेवढ्यात ट्रॅक्टरपाशी कुणीतरी दिसलं. पाठमोरं. सदऱ्याची उजवी बाही रिकामी, वाऱ्यावर हलणारी. त्यानं डाव्या हातानं इंजिन बंद करायचा दट्ट्या ओढला.

ट्रॅक्टर थांबला.

वैजीनाथनं राणीला मागं खेचलं. हात सोलला होता, पण जागेवर होता. वळून बघतो तर ट्रॅक्टरपाशी कुणी नाही.

भुजंगराव शिव्या देतच आला. "कुणी बंद केला रं? आता धक्का मारायला तुझा सासरा येणार हाय का?"

"मालक... गोपाळ..." वैजीनाथच्या तोंडून एवढंच निघालं.

"गप. बंद हाय तवर पेंढी तरी काढू."

त्यानं बाही सारली. हात घातला. काखेपर्यंत.

सगळं चिडीचूप. यंत्राचं मोठं चाक थांबलेलं. वैजीनाथ त्याच्यावरच हात टेकून उभा.

ते चाक त्याच्या तळव्याखाली हललं.

हळू... मग जोरात.

भुजंगराव एकदाच ओरडला. हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या शिवारात ऐकू गेला. चांदण्यात भुसा उडत होता. लाल. चाक थांबलं तेव्हा तो यंत्राच्या तोंडाला लटकला होता... गळ्यापर्यंत आत.

पहाटे पोलीस आले. यंत्र चालू कुणी केलं, म्हणून विचारत राहिले. एक हवालदार टॉर्च घेऊन ट्रॅक्टरमागं वाकला आणि तसाच खाली बसला. ट्रॅक्टरपासून यंत्राला फिरवणारा लोखंडी दांडा जागेवर नव्हता.

तो पार पलीकडच्या बांधावर आडवा ठेवलेला सापडला. वरून दवानं ओलाचिंब. उचलला, तर खालचं गवत कोरडं, म्हणजे दव पडायच्या आधीपासून तो तिथंच पडलेला.