कायी नावाचं गाव

"साहिल, कायी कुठं आलं रे?" आचलने विचारलं, आणि साहिल चक्क अडला.

त्याचे बाबा एसटीचे ड्रायव्हर. जिल्ह्यातले सगळे थांबे साहिलला तोंडपाठ, आणि त्याची त्याला घमेंडही भारी. सेलूपासून वडनेरपर्यंत त्याने मनातल्या मनात बस फिरवून आणली, पण कायी काही लागेना. दिवाळीच्या सुटीत साहिल, आचल आणि नंदिनी ही पवनारची तिघं वर्ध्याला जुन्या वाकळींचं प्रदर्शन बघायला आली होती. भिंतीवरच्या एका काळ्या वाकळीखाली पाटी होती : 'गाव : कायी. कारागीर : अज्ञात.'

प्रदर्शनाच्या मॅडम मुंबईच्या. आमच्या माणसांनी गावोगाव फिरून गोळा केलंय, असेल एखादी वस्ती, असं म्हणून त्या खोकी मोजायला वळल्या. आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सगळ्या वाकळी दिल्लीला निघणार होत्या. साहिलने पहारेकऱ्याला विचारलं, बाहेरच्या चहावाल्याला विचारलं, बाबांना फोन लावला. कायी कुणालाच ठाऊक नव्हतं. मग नसलेल्या गावातून वाकळ आली कशी? दोघांना भलताच चेव चढला.

मागे रेंगाळलेल्या नंदिनीला आचलने हाक मारली. नंदिनी आली आणि दोरीपाशीच थबकली. वाकळीच्या मधोमध संक्रांतीची काळी साडी होती, कडेने तिच्याच लहानपणच्या फ्रॉकचे पिवळे तुकडे.

"हे गाव नाई," ती हळूच म्हणाली. "कायी म्हणजे काळी. आमच्या घरी हिले कायी वाकयच म्हणत. हे माह्या मायची हाय."

साहिल-आचलचा चेव तिथंच उतरला. नंदिनीची आई, जयवंताकाकू, गेल्या उन्हाळ्यात वारली. तेराव्यानंतर वाकळ घरातून नाहीशी झाली, आणि तिच्या बाबांनी, राकेशकाकांनी, ती कुठं गेली ते कधीच सांगितलं नाही. नंदिनीने पुढे विचारणंही सोडून दिलं होतं.

मुलांनी मॅडमना हे सांगितलं, तर त्यांनी अर्धंच ऐकलं. अशा वाकळी घरोघरी असतात, कुणीही येऊन आपली म्हणेल, हात लावू नका. झालं! मोठ्या माणसांना पुरतं ऐकायला सवड नसते, आणि अडाणी ठरतात ती पोरं.

"आपण नको हात लावायला," आचल कुजबुजली. "त्यांनाच लावायला लावू."

नंदिनी सगळ्या पाहुण्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "मॅडम, डावा कोपरा तुम्हीच दाबून पाहा. आत ज्वारीचे दाणे हाय. वाकय उपाशी राहू नये म्हने माय. शेवटचा टाका घालायच्या आधी ती चिमूटभर ज्वारी आत टाके."

आता लोक बघत होते. मॅडमनी हातमोजे घातले, कोपरा चिमटीत धरला, आणि त्यांचा चेहराच बदलला. दाणे होते. त्यांनी ती पाटी स्वतःच काढून टाकली.

साहिल मघाशीच वर्ध्याच्या बाजारात धावला होता; तिथं भाजी विकायला बसलेल्या राकेशकाकांना तो घेऊन आला. वांग्यांचा ढीग शेजाऱ्यावर सोपवून ते तसेच आले होते. वाकळ बघून ते दारातच थांबले.

"बाबा, काऊन देली?" नंदिनीने विचारलं.

"त्या लोकाइनं विचारलं, कोणती देता. मी म्हटलं, कायी. थे लिहून घेऊन राह्यले होते, गावाच्या जागी तेच लिहिलं असन." काका दोरीपर्यंत आले. "मले वाटलं, नजरेसमोर नसली का तुले रडू येनार नाई."

"मले रडू द्याचं होतं, बाबा."

मॅडमनी माफी मागितली. इतकी माणसं बघून गेली, पण पाटीपाशी अडखळलात ते तुम्हीच, असं म्हणून तिघांची पाठ थोपटली. वाकळ दिल्लीला जाणार नव्हती. त्यांनी नवी पाटी लिहिली : 'जयवंता राकेश उमाटे, पवनार.' ती पाटी आणि वाकळ दोन्ही नंदिनीच्या हातात दिली.

नंदिनीने वाकळीत तोंड खुपसलं. पण तिथं नुसता औषधाचा वास होता. प्रदर्शनासाठी वाकळ धुतली होती, आणि आईचा वास कुठंच उरला नव्हता. मग मात्र ती हमसून हमसून रडली. आचल आणि साहिल तिला चिकटून उभे राहिले.

राकेशकाका तिच्याजवळ खाली बसले. मातीने काळवंडलेल्या बोटांनी त्यांनी तो कोपरा चाचपला आणि नंदिनीचं बोट धरून त्या दाण्यांवर ठेवलं.

"पाह्य," ते म्हणाले, "तुह्या मायनं उपाशी नाई ठेवली."