बाटलीतलं खोटं पाणी

तिनं काउंटरवर ठेवलेली बाटली त्यानं उचलली आणि सरळ तोंडाला लावली!

शोभेच्या माशांच्या दुकानात काउंटरमागे त्याचं जेवण चाललं होतं, घास घशात अडकला होता. समोर पाणी दिसलं, बस्स. पुढच्याच क्षणी त्याचे डोळे पांढरे झाले.

"अहो, ते टाकीतलं पाणी आहे... तपासायला आणलंय!"

"मीठ बरोबर आहे," तो खोकत म्हणाला. "बाकीचं तपासणीचे थेंब टाकून सांगतो."

तिला हसू आवरेना. दातांच्या दवाखान्यात ती पेशंटच्या नोंदी करायची. तिथली खाऱ्या पाण्याची छोटी टाकी – दोन नारिंगी मासे आणि मूठभर जिवंत प्रवाळ – डॉक्टरांनी तिच्या गळ्यात मारली होती. मग दर शनिवारी ती बाटली घेऊन येऊ लागली. नळीत थेंब पडायचे, रंग चढायचा, आणि तो समजावायचा, "क्षारता उतरलीय, पण घाबरू नका. प्रवाळ वाढतंय, म्हणून पाण्यातले क्षार ओढून घेतंय. नुसता आकडा वाचायचा नसतो... आधीचा आकडा आठवायचा, टाकीकडे बघायचं."

सांगताना तो तिच्याकडे बघायचा. निदान तिला तसं वाटायचं.

मग एका शनिवारी व्हायोलिनवाली आली – खांद्याला व्हायोलिनची पेटी, हातात पाण्याची बाटली. लांब बोटांची, हळू आवाजात बोलणारी.

"यांचं पाणी बघा, आरसा आहे आरसा!" तो म्हणाला, आणि हिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात तो तिची टाकी बघायला तिच्या घरीही जाऊन आला होता म्हणे!

हिनं बाटलीत माशांचं खाणं चुरून टाकलं आणि तीन दिवस खिडकीत ठेवून सडवलं.

शनिवारी नळी गर्द हिरवी झाली.

"अमोनिया! मासे जिवंत आहेत ना?" तो ओरडला. शेजारी व्हायोलिनवाली काहीतरी सांगत होती. तिचं वाक्य अर्ध्यावर टाकून तो तपासणीची पेटी काखोटीला मारून धावत सुटला. त्याच्यामागे धावताना हिला इतका आनंद झाला, की लाज वाटायला हवी होती.

दवाखान्यात मासे मजेत हुंदडत होते. त्यानं टाकीतलं पाणी घेतलं, थेंब टाकले. नळी पिवळी राहिली. अमोनिया शून्य. त्यानं बाटली हुंगली.

"यात काय टाकलंस?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला... आणि तेही असं.

"माशांचं खाणं. तुम्ही – तुम्ही तिच्याकडे गेला होतात ना, म्हणून..."

तो हसला नाही. "तिची टाकी खरंच बिघडलीय. मघाशी तेच सांगत होती ती. एक मासा गेलाय."

हिचे कान तापले. मग बाह्या सरसावून तिनं टाकीतला मोठा दगड उचलला आणि बादलीभर खाऱ्या पाण्यात ठेवला.

"यातले जंतू अमोनिया खातात, तुम्हीच सांगितलंत. चला."

व्हायोलिनवालीच्या घरी दोघांनी निम्मं पाणी बदललं, दगड आत ठेवला. तळाशी पडलेला मासा बऱ्याच वेळानं हलला, वर आला. व्हायोलिनवालीचे डोळे भरले. "तुम्ही नसतात तर..." असं म्हणत तिनं त्याच्या बाहीवर हात ठेवला. हिनं रिकामी बादली घट्ट धरली.

जिना उतरताना हिनं विचारलं, "अजून रागावलाय?"

"हो."

"मीही. तिनं तुमच्या बाहीला हात लावला."

तो थांबला. आता कुठे हसला. "हे आधीच सरळ सांगितलं असतंस तर?"

"मग सरळच सांगते. तुम्ही मला आवडता. आणि ती मला अजिबात आवडत नाही – बिचारी चांगली आहे, तरी!"

त्यानं तिच्या हातातली बादली घेतली. मोकळा झालेला तिचा हातही घेतला.

"मला 'अहो' नको म्हणूस. मीही कधीपासून वाट बघत होतो... फक्त तुझ्यासारखी हिंमत नव्हती."

दोन पायऱ्या उतरून ती थांबली.

"उद्या तिचं पाणी तपासायला जाणार आहेस... तू?"

"जावं लागेल."

"मग मीही येणार."

"ये ना," तो म्हणाला, आणि हात सोडला नाही.