मागून येणारी टाळी

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने मेहकरहून हिवरा आश्रमाकडे जाणारी एसटी धरावी, आमच्या गावच्या फाट्यावर उतरावं आणि दिवेलागणीआधी, हरिपाठ सुरू झाला की, मारुतीच्या देवळात येऊन बसावं.

बायकांच्या बाजूला, मागच्या खांबाजवळ एक जागा रिकामी दिसेल.

तिथे मात्र बसू नये.

घडलं ते याच चैत्रात, सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी. रात्रसुद्धा झाली नव्हती. बाहेर चांगला उजेड होता आणि मांडव माणसांनी भरलेला होता.

ज्यांच्या बाबतीत घडलं ते माणिकराव. कीर्तनाला महाराज कुठलेही येवोत, मागे चाल धरायला माणिकरावच. देवाने गळा असा दिलेला की अभंग उचलला की लेकरंसुद्धा रडायची थांबावीत. आणि तालाचे असे पक्के की कुणाचा टाळ जरा इकडेतिकडे पडला, तर यांच्या कपाळावर लगेच आठी.

गंमत म्हणजे त्यांच्याच आईला, रुक्मिणीबाईंना, ताल म्हणून नव्हता.

म्हातारीची टाळी नेहमी मागून यायची. सगळ्यांची पडून गेली की खांबाजवळून हिची एकटीची... टप्.

"रुक्माबाय, गाडी गेली तुमची!" अर्जुनराव मृदंगावरून ओरडायचे. सगळं देऊळ हसायचं.

म्हातारीही हसायची. "जाऊ दे नं बाप्पा. मी येते मागून चालत."

दोन वर्षांमागे म्हातारी गेली.

टाळी गेली नाही.

हे माणिकरावांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. हरिपाठात सगळ्यांची टाळी पडली की त्या खांबाकडून, त्यांना एकट्यालाच...

टप्.

भीती कधी वाटली नाही. आई बसली आहे, एवढंच वाटायचं. तिच्या जिवावर गळा मोकळा व्हायचा.

यंदा हरभरा निघाला आणि लेकीने, अश्विनीने, आईबापांना भूतानची सहल काढून दिली. सोबत अर्जुनरावही निघाले. गावाने टिंगल करून घेतलीच. "भुतं पाह्यले इतक्या दूर कायले जाता बे? आपल्या नाल्यावर काय कमी हायेत?"

बंगालपर्यंत रेल्वे, पुढे सगळा प्रवास बसने. एका बाजूला डोंगर, एका बाजूला खाली नदी. वळणावळणावर झेंडे, स्तूप, मठ. जेवणात मिरचीचीच भाजी पाहून अर्जुनराव म्हणाले, "हे तं आपले सोयरेच निघाले बे!"

माणिकराव हरखून गेले होते. एका मठात लाल वस्त्रातले भिक्षू एका सुरात पाठ म्हणत होते. ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. बायकोला, तानुबाईला, म्हणाले, "भाषा कळत नाही. पण हा हरिपाठच हाय."

असा माणूस.

म्हणून पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

त्रोंगसाच्या वाटेवर बस चहाला थांबली. रस्त्याच्या खाली ओढा होता. ओढ्यावर लाकडाचं एक खोपटं. आत माणसाएवढं उंच रंगीत चक्र, त्यावर त्यांचे मंत्र लिहिलेले. ओढ्याचं पाणी खालच्या पात्यांवर पडायचं आणि चक्र आपोआप फिरायचं. एक फेरा झाला की वर टांगलेली घंटा वाजायची...

टण्.

"इथंच होऊ द्या एक अभंग," अर्जुनरावांनी मोबाइल काढला. "मांगं हिमालय, पुढं तुम्ही. सप्ताहात मोठ्या स्पीकरवर लावू."

माणिकरावांनी सूर लावला. पहिल्याच ओळीत नको तिथे... टण्. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा टण्.

"ही घंटा बेताल हाय," ते वैतागले.

खांद्यावरचं उपरणं काढलं. त्यावर ठिकठिकाणी छापलेलं, राम कृष्ण हरी. त्याची घडी केली, ओल्या दगडांवरून खाली उतरले आणि ती घडी चक्राच्या दांड्याच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये दाबून कोंबली.

कर्र...

चक्र थांबलं. पाणी नुसतं पात्यांवर आदळत राहिलं.

"अवो, देवाचं हाय ते. अडवू नका," तानुबाई कळवळून म्हणाल्या.

"दोन मिनिटाचा तं सवाल हाय. लगेच काढतो."

मग ते गायले. असे गायले की चहाच्या टपरीवरचे सगळे प्रवासी रस्त्याच्या कठड्याशी येऊन टाळीचा ठेका धरू लागले. संपल्यावर बसमधली पुण्याची मंडळी फोटो काढायला धावली. कुणी पाया पडलं. माणिकराव वर रस्त्यावर आले, ते त्या कौतुकातच. ड्रायव्हरने हॉर्न दिला. पुन्हा दिला.

बसच्या दारात पाय ठेवताना तानुबाईंनी विचारलं, "उपरणं काढलं नं?"

खाली उतरायचं, निसरड्या दगडांवरून जायचं, यायचं. सगळी बस खोळंबणार. आत्ताच पाया पडलेली माणसं बघत होती.

"हाव. काढलं. ओलं झालं, बॅगेत टाकलं."

बस सुटली.

पुढच्या वळणावर गाईड उभा राहिला. सोनम त्याचं नाव. हिंदी चांगली बोलायचा. "अभी नीचे जो चक्र देखा ना, वो एक फॅमिली ने अपनी माँ के लिए लगाया है. माँ गुजर गई, तो आगे का रास्ता अकेली को कैसे मिलेगा? चक्र घूमता है, पाठ होता है, माँ आगे चलती है. इसलिए वो कभी रुकना नहीं चाहिए."

तानुबाईंनी कपाळाला हात लावला. "बरं झालं बाई, तुमी काढलं ते."

माणिकराव खिडकीबाहेर बघत राहिले.

बस थांबवा, एवढेच दोन शब्द. तोंडापर्यंत आले. एक वळण गेलं. दुसरं गेलं. आता तर फारच लांब आलो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

बोलले नाहीत.

गावी परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी ते हरिपाठाला उभे राहिले. सगळ्यांची टाळी पडली. त्यांनी कान खांबाकडे लावला.

काहीच नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वाट बघता बघता त्यांचाच टाळ मागे पडला. जन्मात पहिल्यांदा.

"माणिकराव, गाडी गेली तुमची!" अर्जुनराव हसले.

सगळे हसले. माणिकरावांनी मात्र पुन्हा खांबाकडे बघितलं.

मग सप्ताह बसला. पहिल्या दिवशी हरिपाठ आटोपला आणि अर्जुनरावांनी मोबाइल स्पीकरला जोडला. "आता ऐका आपल्या बुवाचा भूतानातला अभंग!"

मांडव शांत झाला. आवाज घुमला. माणसं डोलायला लागली. ओळ संपली, रेकॉर्डिंगमधल्या मंडळींनी टाळी दिली.

आणि तिच्या मागून...

टप्.

माणिकराव जागच्या जागी ताठ झाले.

पुढची ओळ. टाळी. आणि मागून... टप्.

"कोण बे हे मांगून टाळ्या मारून राह्यलं?" अर्जुनराव पुटपुटले. "त्या लोकायच्या मांगं तं कोणीच नव्हतं."

अभंग संपला. पण अर्जुनराव तेव्हा रेकॉर्डिंग बंद करायचं विसरले होते. मोबाइल तसाच चालू, खिशात गेलेला. स्पीकरवर पावलांची खसफस आली. बसचा हॉर्न आला. मग सगळ्या मांडवात तानुबाईंचा आवाज...

"उपरणं काढलं नं?"

"हाव. काढलं. ओलं झालं, बॅगेत टाकलं."

ओळखीचे आवाज ऐकून लोक खुदखुदले. माणिकरावांना वाटलं, आत्ता या क्षणी धरणी दुभंगावी. देवासमोर, महाराजांसमोर, सगळ्या गावासमोर त्यांचं खोटं वाजत होतं आणि ते त्यांना एकट्यालाच कळत होतं.

बसचं दार लागलं. इंजिन घरघरलं.

आणि त्या घरघरीमागून, लांबून, धापा टाकत...

"माणक्या... थांब नं बाप्पा... थांब..."

मांडवातलं हसू तिथेच विझलं.

आवाज मागे मागे पडत गेला. मग, मोबाइल तर बसमध्ये होता, तरी नुसतं पाणी. आणि त्या पाण्यात...

कर्र...

काहीतरी जड, कुणीतरी हाताने ढकलत होतं.

कर्र... कर्र...

टण्.

रेकॉर्डिंग संपलं.

 खांबाजवळ बसलेली एक म्हातारी कशीबशी उठली. "रुक्माबायचा आवाज हाय हा," एवढंच म्हणाली आणि दुसरीकडे जाऊन बसली. तेव्हापासून ती जागा रिकामी आहे.

घरी आल्यावर तानुबाईंनी चहा ठेवला. उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"आत्याबाई आपल्या संगं आल्या होत्या," त्या म्हणाल्या. सासूला त्या आत्याबाई म्हणत.

माणिकरावांनी मान खाली घातली.

"तुमी ते काढलं नव्हतं."

त्यांनी मान वर केली नाही. "नाही."

"अन् मले बॅगेत टाकलं म्हणून सांगतलं."

"हाव."

मग ते जमिनीकडे बघतच बोलले. "सारी उमर लोकायच्या तोंडी नाम घातलं. अन् तिकडं एकाच्या मायचं नाम मीच बंद पाडलं. कायच्यानं, तं उपरण्यानं. त्याच्यावरही नामच लिवलेलं."

तानुबाई रडत होत्या. "तुमचं ताक सांडलं का आत्याबाई मांगून पोतेरं घेऊन येत. लहानपणापासून. आताही तेच करून राह्यल्या असतीन."

अश्विनीने सोनमचा नंबर शोधला. माणिकरावांनी स्वतः सगळं सांगितलं, तुटक्या हिंदीत, एक शब्द न लपवता. सोनम ऐकून घेत होता. रागावला नाही. ते जास्तच लागलं. म्हणाला, "उस रोड पे ग्रुप लेके जाऊँगा तो देखूँगा, सर."

त्याचा फोन आला तेव्हा सप्ताहाचा काला होऊन गेला होता. दुपारची वेळ. तानुबाईंनी स्पीकर लावला.

"सर, चक्र चालू है. पानी से घूम रहा है. आपका कपड़ा पत्थर पे रखा है, फोल्ड करके."

माणिकरावांनी हात जोडले.

"लेकिन गाँववाले कुछ और बोलते हैं, सर. कपड़ा अटकने से नीचे की पाती टूट गई थी. पानी से घूम ही नहीं सकता था. इतने दिन एक बूढ़ी माताजी हाथ से घुमाती थी. सुबह से शाम. हाथ में छाले. नंगे पैर, इतनी ठंड में. साड़ी ऐसी, पीछे खोंसी हुई. चाय दी तो ली नहीं. बस घुमाती थी, और कभी-कभी ताली बजाती थी. कल मिस्त्री ने पाती जोड़ी. पानी से चक्र चला, तो वो उठी और रोड पे निकल गई."

 मग सोनमने अगदी हळू, जरा भीत भीत विचारलं...

"सर, आपके ग्रुप की कोई माताजी पीछे छूट गई थी क्या?"

फोन कधी बंद झाला, दोघांनाही आठवत नाही.

माणिकराव आजही हरिपाठाला येतात. पुढे उभे राहत नाहीत. महाराजांनी बोलावलं तरी हात जोडतात आणि मागे, पुरुषांच्या शेवटच्या रांगेत बसतात. टाळ घरी खुंटीला आहे. सगळ्यांची टाळी पडली की ते श्वास धरून खांबाकडे बघतात. आता तर सगळं देऊळच बघतं.

हरिपाठ सुटला की नवरा-बायको फाट्यापर्यंत चालत जातात. शेवटची एसटी बघतात आणि परत येतात. परवा मी सोबत होतो. येताना तानुबाईंनी अंधारून आलेल्या रस्त्याकडे वळून बघितलं.

"आत्याबाईनं मेहकरची गाडीबी कधी एकटीनं धरली नाही हो. त्यायले पाटी कुठं वाचता येत होती?"

माणिकरावांनीही वळून बघितलं. 

मी येते मागून चालत, असं म्हातारी म्हणायची. शब्दाची पक्की होती. पण त्या डोंगरांतून इथवर, अनवाणी, एकटीने...

खांबाजवळ अजून शांतच आहे.